चौथी पिन

"आणि चौथी पिन बसवलीच नाही तर?"

मीरासाहेब उस्ताद शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाची?"

"प्रोसेसरवरच्या पंख्याची. तीन बसवल्या आणि एक तशीच सैल ठेवली... तर चालेल ना, उस्ताद?"

"कोण विचारतंय?"

"मी."

"मी म्हंजे कोण? काचेच्या दाराच्या दुकानातलं मगदूम सायेब?"

"हो."

"मग डोळ्यामागनं कान बी गेलं म्हणायचं माझं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

शांतिनाथ गप्प बसला. एरवी बसला नसता.

मिरजेत दर्ग्याच्या मागच्या अंगाला सतारी करणाऱ्यांची एक गल्ली आहे. दारादारात मोठाले भोपळे वाळत पडलेले असतात आणि दिवसभर कुठून तरी तार छेडल्याचा आवाज येत असतो. त्या गल्लीच्या टोकाला उस्तादांचा ओटा. त्यांनी स्वतः सतार कधी केली नाही. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जे जे लोकांच्या घरात आलं आणि बिघडलं ते ते त्यांनी उघडलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हत्यारं त्यांनी आपण होऊन खाली ठेवली होती. पण मिरज-सांगलीकडं ज्यांच्या हातात म्हणून स्क्रू-ड्रायव्हर आहे, त्यातल्या निम्म्यांनी त्यांचा मार खाल्लेला.

मार तरी कसला! स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीची बोटाच्या पेरावर एक टिचकी. तीसुद्धा एकाच चुकीला.

ती चूक कळायला थोडं सांगावं लागेल.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा जीव. कामाला लागला की तो तापतो. तो ताप ओढून घ्यायला त्याच्या डोक्यावर पंखा बसवतात, आणि पंख्याच्या पोटाशी असतो तांब्याचा एक गोल. तांबं आणि प्रोसेसरची पाठ, दोन्ही आरशासारखी गुळगुळीत दिसतात. पण दोन्हींत डोळ्याला न दिसणारे खड्डे असतात, आणि त्या खड्ड्यांत हवा बसते. हवा ताप पुढं जाऊ देत नाही. म्हणून दोन्हींच्या मधे करड्या रंगाची पेस्ट लावायची. उस्ताद तिला मलम म्हणत. मुगाच्या दाण्याएवढं मलम, बरोबर मधोमध. जास्त झालं तर तेच गोधडी होऊन बसतं. मग पंखा वर ठेवायचा आणि त्याच्या चार पायांतल्या चार पिना एकेक करून दाबायच्या. दाबानं मलम आपलं आपण पसरतं. पिन नीट बसली की टक् वाजते.

"चार टक् ऐकल्याबिगर हात काढायचा न्हाई." ही उस्तादांची पहिली शिकवण.

"मलमाला बोट लावायचं न्हाई." ही दुसरी. बोटानं पसरलं की थर वर-खाली होतो, मधे हवा कोंडते, वर हाताचं तेल लागतं ते वेगळंच. टिचकी बसायची ती यासाठी.

ती टिचकी कधीच न खाल्लेला शिष्य एकच. शांतिनाथ मगदूम.

त्याला त्याचा अभिमान होता. पुढं त्यानं काचेच्या दाराचं दुकान थाटलं, तेव्हा तो अभिमान दुकानाबरोबर वाढला. चहाच्या टपरीवर तो चार लोकांत म्हणायचा, "उस्तादांचा जमाना रेडिओचा हो. त्यांनी मला हत्यार धरायला शिकवलं, एवढंच. बाकीचं माझं मी." हे उस्तादांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. ते म्हणाले होते, "धरतंय न्हवं नीट? मग झालं."

आज तो आपल्या पायांनी ओट्यावर आला होता. मांडीवर एक कापडी पिशवी. पिशवीभोवती दोन्ही हात.

"मशीन कुणाचं?" उस्तादांनी विचारलं.

"..."

"गिऱ्हाइकाचं असतं तर तू इथं आला नसतास."

"चंदनाचं," शांतिनाथ म्हणाला.

उस्तादांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

चंदना त्याची एकुलती एक. लग्नांचे व्हिडिओ जोडायचं काम करायची. श्रावणात तापानं गेली. उस्ताद तेव्हा काठी टेकत मगदुमांच्या दारापर्यंत आले होते, उंबऱ्याबाहेरच थोडा वेळ उभे राहिले होते आणि काही न बोलता परत गेले होते.

"पोरीनं स्वतः जोडलेलं मशीन?"

"स्वतः. मला हात लावू दिला नाही. 'पप्पा, तुम्ही दुकानात बसा. झालं की दाखवते,' म्हणाली."

"दाखवलं?"

"दाखवलं. चालू होतं. चालू मशीन मी कशाला उघडतो?"

"मग आता का उघडलंस?"

पलीकडच्या घरात कुणीतरी तंबोऱ्याची तार लावत होतं. सूर चढायचा, थोडा घासायचा, पुन्हा उतरायचा. शांतिनाथनं तो थांबायची वाट बघितली. तो थांबला नाही.

"त्रिशला जेवत नव्हती," तो म्हणाला.

त्रिशला म्हणजे त्याची बायको. मगदुमांचं घर जैनांचं. दिवस मावळल्यावर त्या घरात कुणी ताटाला हात लावत नाही. चंदना होती तेव्हा रोज संध्याकाळी हाच तमाशा. आतल्या खोलीत तिचं काम चाललेलं, मशीनचा पंखा घूं घूं ओरडतोय, आणि बाहेर त्रिशला ताट वाढून बसलेली. "चंदे, दिवस बुडायला आला गं!" "आले गं मम्मी!" यायची कुठली! शेवटी त्रिशला ताट घेऊन खोलीच्या दाराशीच बसायची. एक घास स्वतः खायची, एक पोरीच्या तोंडात कोंबायची. पोरीची नजर पडद्यावर, आणि वर बापाला हाक : "पप्पा, मम्मी मला कोंबून भरवायचं बदक समजते!"

ती गेल्यावर खोली बंद झाली. त्रिशला ताट वाढायची. सूर्य खाली जाईपर्यंत त्याच्याकडं बघत बसायची. मग उचलून ठेवायची. उद्याचं उद्या.

"एक दिवस तिचा एखादा फोटो मिळेल म्हणून मी मशीन चालू केलं," शांतिनाथ सांगत होता. "पंखा ओरडायला लागला. आणि मागं बघतो तर दाराशी ही. ताट घेऊन बसलेली. जेवत होती, उस्ताद. भाकरी मोडून... सगळी जेवली. मी हललो नाही. हललो तर थांबेल असं वाटलं."

"मग?"

"मग रोज. दिवस मावळायच्या आत मी मशीन चालू करायचं. ती दाराशी बसायची."

"चांगलं की."

"चांगलंच चाललं होतं. पण पंखा फार ओरडत होता. मी ऐकतोय ना रोज. मला कळतंय, आत ताप साठतोय. असंच चाललं तर एक दिवस जळणार. म्हटलं, एकदा नवी पेस्ट लावून देऊ. मग वर्षानुवर्षं बघायला नको."

"म्हणून उघडलंस."

"हो."

"आणि?"

शांतिनाथ हसल्यासारखा झाला. ते हसू तोंडावर टिकलं नाही.

"चौथी पिन बसलीच नव्हती. पोरीनं तीन टक् ऐकले आणि हात काढला. एक बाजू केसभर वर. आणि पेस्ट... पेस्ट बोटानं लावलेली! तांब्यावर बोटानं फासलेली. मी शिकवलं होतं तिला. माझ्या हातानं करून दाखवलं होतं. मशीन दुकानात नेलं होतं. एकटाच होतो, उस्ताद, आणि मोठ्यानं ओरडलो. 'अगं, बोटानं लावलीस? तुला किती वेळा सांगितलं!'"

त्यानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"ओरडून झालं, आणि मग दिसलं."

"काय?"

"बोट."

उस्तादांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"वर राहिलेल्या त्या बाजूला, कडेला. तिच्या बोटाचा ठसा. जसाच्या तसा वाळलेला. रेघा मोजता येतील असा. लहानपणी दोडका चिरायला बसली होती तेव्हा विळीनं बोट कापलं होतं, त्याची आडवी खूण राहिली होती बघा तिच्या बोटावर... ती पण आहे. रेघांवरनं आडवी गेलेली."

"मग काय केलंस?"

"काय करणार! होतं तसं परत बसवलं. तीन पिना दाबल्या. चौथी तशीच ठेवली. दाबली तर ठसा जाणार."

"वाळलेल्या मलमावर?"

"..."

"एकदा उपसलेल्या मलमावर परत तोच पंखा ठेवलास? तू?"

शांतिनाथनं खाली बघितलं. हे तर दुकानात नवीन आलेलं पोरही करणार नाही. एकदा पंखा उचलला की जुनं मलम मेलं. ते स्पिरिटनं पुसायचं, तांबं लख्ख करायचं आणि मग नवं लावायचं. नाहीतर मधे सगळी हवाच.

"आता किती वेळ चालतं मशीन?"

"थोडाच. तापतं आणि आपोआप बंद पडतं."

"आधी?"

"आधी... चालायचं. ओरडायचं, पण चालायचं."

"एकदा उपसल्यानं एवढं न्हाई व्हायचं," उस्ताद हळू आवाजात म्हणाले. "शांतू. कितींदा उघडलंस?"

तार लावणारा आता थांबला होता. गल्लीत एकदम शांत झालं, आणि शांतिनाथला वाटलं, तो थांबला नसता तर बरं झालं असतं.

"रोज," तो म्हणाला.

"रोज?"

"दुपारी दुकानाचं शटर ओढून घेतो. घरी जातो. त्रिशला तेव्हा मंदिरात असते. खोलीत जाऊन पंखा काढतो. बघतो. परत बसवतो."

"..."

"नुसतं बघतो, उस्ताद. हात लावत नाही. शप्पथ सांगतो, एकदासुद्धा लावलेला नाही."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी मशीन चालू करतो. ती ताट घेऊन बसते... काल तिच्या तोंडात घास होता आणि पंखा थांबला. हातातला दुसरा घास तिनं परत ताटात ठेवला. तोंडातला गिळला की नाही, मला माहीत नाही. उठून गेली. मला काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही. परवा पाटावरनं उठताना भिंतीला धरलं तिनं."

उस्तादांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"दुसरा पंखा का न्हाई लावलास? दुकान भरलंय पंख्यांनी."

"लावला होता. हे सगळं नको म्हणून एकदा नवाकोरा लावला. चारी पिना, नवी पेस्ट, सगळं शिस्तीत. मशीन गार. आवाज नाही की काही नाही. त्रिशला ताट घेऊन आली, दाराशी उभी राहिली. मला म्हणाली, 'बंद आहे का?' मी म्हटलं, 'नाही, चालू आहे, बघ की पडद्यावर.' तिनं पडद्याकडं बघितलं. मग ताट घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी मी चंदनाचा जुना पंखा लावला. नव्याचा आवाज वेगळा. त्रिशलाला तोच जुना पाहिजे."

"हं."

"म्हणून विचारतोय. हाच पंखा, हीच पेस्ट, चौथी पिन सैल. याच्यात काहीतरी करून... कुठूनतरी ताप काढून घेता येईल का? तुम्ही रेडिओच्या काळात काय काय जुगाड करत होता. बाहेरनं दुसरा पंखा लावू? बर्फ ठेवू? तुम्ही म्हणा फक्त, की असं चालेल. मी करतो."

उस्तादांनी हात पुढं केला.

"दाव."

शांतिनाथनं पिशवी उघडली. आत दुपटं होतं, लहान बाळाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याच्या आत पंखा. तो त्यानं उलटा धरला, तांब्याची बाजू वर. संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन ओट्यावर आलं होतं. त्या उन्हात करड्या मलमाचा गोल राखेसारखा दिसला.

उस्तादांनी तो डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला. दुधाळ बुबुळांना काही दिसेना. मग त्यांनी आयुष्यभराची सवय होती तेच केलं. जे दिसत नाही ते हातानं बघायचं. त्यांची तर्जनी तांब्याच्या दिशेनं गेली...

"बोट नको!"

शांतिनाथनं उस्तादांचा हात मनगटाशी धरला होता. धरला कसला, फटकारला होता. उस्तादांचं बोट हवेत राहिलं आणि पंखा शांतिनाथच्या छातीशी.

समोरच्या दारात भोपळा खरवडणाऱ्या कारागिरानं मान वळवून बघितलं.

शांतिनाथला कानाच्या पाळीपर्यंत घाम आला. "उस्ताद... माफ करा. मी..."

"बरोबर हाय," उस्ताद म्हणाले. त्यांनी बोट मागं घेतलं आणि दुसऱ्या हातात धरून ठेवलं, टिचकी बसलेलं पोर धरतं तसं. "बरोबर बोललास. मीच शिकवलंय."

शांतिनाथनं पंखा तांब्याची बाजू वर करून पुन्हा मांडीवर घेतला.

"तूच सांग मग," उस्ताद म्हणाले. "मला काय दिसत न्हाई. ज्या बाजूच्या पिना बसल्या होत्या, तिकडं काय हाय?"

"तिकडं काही नाही. सपाट. प्रोसेसरला टेकून पार पातळ झालेलं आहे."

"तिकडं तिनं बोट लावलं नव्हतं?"

"लावलं असणार. सगळीकडंच फासलंय."

"मग तिकडं बोट कुठं हाय?"

"दाबलं गेलं ना, उस्ताद. टेकलं तिथं राहत नाही."

"आणि जिथं टेकलं न्हाई?"

"तिथं..." शांतिनाथनं पंखा उन्हाकडं वळवला. "तिथं आहे."

"ताप कुठनं गेला एवढं दिवस? पोरीचं काम कुणी चालवलं?"

"..."

"कुठल्या बाजूनं?"

"सपाट बाजूनं," शांतिनाथ म्हणाला.

उस्तादांनी मान हलवली. होकाराची की नुसती, ते कळलं नाही.

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. समोरच्या भोपळ्यांच्या रांगेवर ते अजून होतं. एकेका भोपळ्यावरून सरकत पुढं चाललं होतं. शांतिनाथची नजर त्या उन्हावर होती. आत्ता त्रिशला पीठ मळत असेल. त्याला परत जाऊन पंखा बसवायला तेवढाच वेळ होता.

त्यानं डोळे पुसले. पाठ ताठ केली. दुकानात गिऱ्हाइकाला खर्च सांगताना करतो तशी.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पुसतो. तुमच्यासमोर पुसतो. स्पिरिट आणलंय मी. मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार. ठसा गेला तर गेला. ठसा मला पाहिजे होता, तिला नाही. तिला काही माहीतच नाही. हाच पंखा, नवी पेस्ट, चारी पिना. मशीन चालेल. आवाज तोच राहील. ती जेवेल. माझं काय..."

"न्हाई राहणार," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"आवाज."

शांतिनाथ त्यांच्याकडं बघत राहिला.

"नवा पंखा लावलास तवा आवाज का आला न्हाई?"

"नवा होता म्हणून..."

"शांतू."

"..."

"नवा होता म्हणून? का नीट बसला होता म्हणून?"

शांतिनाथला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन येतं : पंखा फार आवाज करतो. तो मलम बदलतो, पिना बसवतो, आणि आवाज जातो. ताप नीट निघाला की पंख्याला पळायचं कारणच उरत नाही. तो मग संथ फिरतो, आपल्याला ऐकूसुद्धा येत नाही. "बघा, चालू आहे की नाही तेच कळत नाही," असं तो हसत हसत सांगायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. हे त्याला झोपेतही माहीत होतं. फक्त या एका मशीनच्या बाबतीत ते त्यानं स्वतःला कळू दिलं नव्हतं.

पंखा ओरडत होता, कारण चौथी पिन बसली नव्हती. त्रिशला ज्या आवाजाला जेवत होती, तो त्या पोरीच्या चुकीचा आवाज होता.

सैल ठेवली तर मशीन जळणार. बसवली तर ठसाही जाणार आणि आवाजही.

त्यानं पंख्याकडं बघितलं. मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो रडण्यासारखा नव्हता. गाडीचं इंजिन चालू होता होता बंद पडतं तसा काहीतरी होता. समोरचा कारागीर उठून आत गेला.

उस्तादांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही. पाणी दिलं नाही.

"काहीच राहणार नाही म्हणजे," शांतिनाथ शेवटी म्हणाला.

"मशीन राहील की."

"मशीन घेऊन काय करू? गार मशीन. बिनआवाजाचं. दुकानात आहेत तसली ढिगानं."

"..."

"तुम्ही तरी काहीतरी सांगा, उस्ताद. तुम्हाला येत नाही असं काही नव्हतं. मी लोकांत काय काय बोललो, तुमचा जमाना गेला म्हणालो, ते सगळं... ते सगळं मनात धरा पाहिजे तर. पण सांगा. काहीतरी असेल."

"न्हाई," उस्ताद म्हणाले. "काय न्हाई."

हे ते इतक्या साधेपणानं बोलले की शांतिनाथला राग आला. त्या रागानंच त्याचं रडं थांबलं. त्यानं दुपटं मांडीवर पसरलं, पंखा त्यात ठेवला आणि एकेक पदर वरून दुमडू लागला. मलमाच्या बाजूला कापड लागू नये म्हणून तो बोटांच्या टोकांनी जपून दुमडत होता.

ऊन शेवटच्या भोपळ्यावर आलं होतं.

"फोटो काढलाय मी ठशाचा," तो कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाला. "मोठा करून बघितला. नुसत्या रेघा दिसतात. नकाशा असतो ना, तशा. यात... यात ती घाईत होती ते दिसतं. बोट टेकवलं, ओढलं आणि उचललं. उचलताना टोक वर आलंय. तिला चालू करून बघायची घाई झाली असणार."

त्यानं दुपट्याची गुंडाळी पिशवीत ठेवली.

"ही एकच जागा आहे उस्ताद, जिथं ती... जिथं तिचं अंग लागलेलं आहे. बाकी सगळं धुतलं. कपडे धुतले, चादरी धुतल्या. बायकांनी येऊन खोली पुसून काढली. म्हणाल्या, ताप होता, धुवायला पाहिजे. हे आत होतं म्हणून राहिलं."

"त्रिशलानं बघितलं?"

"काय?"

"हे."

"नाही."

"दावलं न्हाईस?"

"नाही."

"तिनं नऊ महिने पोटात वागवलेली पोर. तिचं बोट तू दुपट्यात गुंडाळून दुपारच्याला एकटा बघतोस."

"..."

"आणि ती तिकडं दाराशी बसून एकटी ऐकती."

"मी रोज म्हणतो, सांगावं..."

"मग का न्हाई सांगत?"

दर्ग्याकडून भोंग्याची खरखर ऐकू आली. अजून बांग नव्हती. कुणीतरी नुसती फुंकर मारून बघत होतं. उस्तादांनी काठी जवळ ओढली. मगरीबच्या नमाजाला निघायची वेळ झाली होती, आणि मगदुमांच्या घरी ताट वाढायची.

"का न्हाई दावलंस, शांतू?"

शांतिनाथनं पिशवी छातीशी धरली. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की उस्तादांना मान पुढं करावी लागली.

"ती हात लावेल, उस्ताद."

"..."

"बघून नुसती राहायची नाही ती. मला माहीत आहे. ती बोट लावणार. त्या खुणेवरनं बोट फिरवणार. वाळलेली पेस्ट आहे, पीठ होऊन येईल हातात. एकदाच लावेल आणि सगळं..."



उस्ताद काठीवर भार देऊन उठले. ओट्यावरून खाली उतरताना पायरी त्यांना दिसली नाही. त्यांनी ती पायानं चाचपली. मग मागं न बघता म्हणाले,

"लावू दे."